गाटा : मण्यारीपासून मेलॅनोमापर्यंत

त्वचेच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगांवरचा एक शोधनिबंध २००२ साली ‘ऑन्कोजीन’ या नियतकालिकात आला. डीएनएत काही ठिकाणी तीच चार अक्षरे लागोपाठ अनेकदा येतात. अशा साखळ्यांची लांबी ट्यूमरमध्ये बदलते का, हे त्यात तपासले होते. या बिघाडाला ‘ईमास्ट’ म्हणतात आणि तो हुडकायला मुख्यतः दोन साखळ्या वापरतात: एएएजी आणि एटीएजी. यातली दुसरी कागदावर सलग लिहून पाहा. ए-टी-ए-जी-ए-टी-ए-जी. पहिली तीन अक्षरे सोडून वाचायला घेतले, की पुढे येते जी-ए-टी-ए. गाटा! ही तर हैदराबादची ओळखीची साखळी. तिथल्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी जिच्या जोरावर भारतातले डीएनए फिंगरप्रिंटिंग उभे केले, ती. आणि तिचे माहेर एका सापाच्या पोटी.

हा साप म्हणजे पट्टेरी मण्यार. सापांत मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी लिंगगुणसूत्रे असतात, नराकडे दोन्ही झेड. सिंग बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर काम करून एडिंबराला गेले. तिथे केन जोन्स आणि इयन पर्डम यांच्यासोबत त्यांनी मण्यारीच्या डीएनएतून एक अंश वेगळा केला. तो डब्ल्यू गुणसूत्रावर दाटीवाटीने बसलेला होता. १९८० साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे बारसे ‘बीकेएम’ असे झाले. पट्टेरी मण्यारीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे त्यात आहेत. खरे नवल पुढे होते. सापाचा हा अंश उंदरात सापडला, पक्ष्यांत सापडला, माणसातही सापडला. इतक्या दूरच्या प्राण्यांत जे टिकून राहिले, ते निरुपयोगी भर असेल हे सिंग यांना पटत नव्हते, आणि मलाही पटत नाही.

अक्षरे वाचली ती मात्र कॅलिफोर्नियात. सुसुमु ओहनो यांच्या प्रयोगशाळेत येर्ग एप्लेन यांनी सापाच्या डब्ल्यू गुणसूत्राचा एक तुकडा १९८२ साली वाचून काढला, तर त्यात गाटा आणि गाका यांच्याच रांगा. पुढे एप्लेन जर्मनीत परतले. १९८६ साली शेर अली, म्युलर आणि एप्लेन यांनी सापाला बाजूला ठेवून फक्त त्या अक्षरांची छोटी साखळी रसायनशाळेत बनवली आणि तिनेच माणसांचे डीएनए ठसे काढून दाखवले. या शेर अलींचे पुढचे काम दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत झाले. माझ्या दृष्टीने या कुळकथेतला सर्वांत महत्त्वाचा सांधा हाच: सापाचा तुकडा गळून पडला, अक्षरे तेवढी उरली, आणि अक्षरे कुठेही नेता येतात.

सिंग १९८७ साली हैदराबादला सीसीएमबीत आले. १९८९ साली केरळातल्या पितृत्वाच्या खटल्यात हे तंत्र वापरले गेले, आणि नंतर सीडीएफडी ही डीएनए फिंगरप्रिंटिंगची संस्था उभी राहिली.

आता त्वचेच्या कर्करोगातल्या आनुवंशिक खुणांचे मूळ म्हणून गाटाशी स्पर्धा करणाऱ्यांकडे वळतो. पहिले अर्थातच लेस्टरचे अ‍ॅलेक जेफ्रीज. १० सप्टेंबर १९८४ला त्यांच्या हाती पहिला ठसा आला, यात वाद नाही. पण त्यांची साखळी मायोग्लोबिनच्या जनुकातली, लांब एककांची. न्यायवैद्यकात ती फार काळ टिकली नाही. अमेरिकेच्या एफबीआयने १९९७ साली ओळख पटवण्यासाठी १३ जागा निवडल्या, त्या सगळ्या चार अक्षरी. आणि त्यांतल्या कित्येक सरळ वा उलट वाचल्या तरी गाटाच. ठसा घेण्याची कल्पना जेफ्रीज यांची, पण टिकलेली अक्षरे मण्यारीची, असे मी ठामपणे म्हणेन.

दुसरा दावा जास्त अवघड आहे. १९८९ साली वेबर आणि मे यांनी सीए या दोन अक्षरी साखळ्या पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या तंत्राने मोजून दाखवल्या आणि जनुकांचे नकाशे काढणाऱ्यांच्या हाती हजारो खुणा आल्या. अशाच खुणांच्या मागावर जात १९९२ साली कौटुंबिक मेलॅनोमाची (त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाची) जागा नवव्या गुणसूत्रावर सापडली आणि दोन वर्षांत तिथले सीडीकेएन२ए हे जनुक हाती लागले. सीएची परंपरा स्वतंत्र आहे. तिचा सापाशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. पण चार अक्षरी शाखा १९९१ साली ह्यूस्टनच्या कॅस्की यांच्या गटाने पीसीआरवर आणली, आणि तोवर एप्लेन यांची गाटाची छोटी साखळी पाच वर्षे छापील रूपात हिंडत होती. कॅस्कींनी ती पाहिलीच नसेल, हे मला अशक्य वाटते.

तिसरा दावेदार मासा. १९२०च्या दशकाच्या शेवटी मायरन गॉर्डन आणि कुर्ट कॉसविग यांनी वेगवेगळे काम करून दाखवले, की काळ्या ठिपक्यांच्या प्लॅटी माशाचा स्वोर्डटेलशी संकर केला आणि संततीचे मीलन पुन्हा स्वोर्डटेलशी घडवले, की काही पिल्लांत मेलॅनोमा होतो. कोणत्या वंशात तो होणार हे आधी सांगता येत असे. त्वचेच्या कर्करोगाचे पहिले आनुवंशिक भाकीत हेच, हे मान्य करावेच लागते. फक्त तिथे ठिपक्याशी जोडलेले जनुक स्वतःच रोगाचे कारण आहे. १९८९ साली ते ‘एक्समर्क’ म्हणून वेगळे केले गेले. मार्कर म्हणजे निव्वळ वाटेवरची खूण, आणि तिचे कूळ निराळे. तरी गंमत बघा: एक्समर्क बसते लिंगगुणसूत्रावर, आणि ते शोधणाऱ्यांतले मानफ्रेड शार्टल हे एप्लेन यांच्यासोबत माशांच्या डीएनए ठशांवर काम करताना दिसतात. मासा आणि साप एकाच टेबलावर भेटले होते.

मुंबईचा हक्कही नोंदवायला हवा. डॉ. वि. रा. खानोलकरांनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीखाली, कमरेवर होणारा त्वचेचा कर्करोग वैद्यकशास्त्रात नोंदवला. त्याच खानोलकरांसोबत डॉ. ल. द. संघवी यांनी १९५०च्या सुमारास मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांत रक्तगटांसारखी सात आनुवंशिक लक्षणे मोजली. त्वचेचा कर्करोग आणि आनुवंशिक खुणा, दोन्ही एकाच माणसाच्या कामात. त्यांची सांगड मात्र तिथे घातली गेली नाही.

मग रुग्णाचे पुढे काय होणार, हे खुणेवरून सांगणे सुरू झाले कुठे? त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी डोळ्यातही असतात, आणि तिथल्या मेलॅनोमात उत्तर सर्वांत स्वच्छ मिळाले. जर्मनीत एसेन इथल्या गटाने १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५४ रुग्णांची हकीकत दिली. ट्यूमरमध्ये तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत हरवलेली असेल, तर निम्म्याहून अधिक जणांत कर्करोग पसरला. दोन्ही प्रती शाबूत असलेल्यांत एकातही नाही. ही हरवलेली प्रत पकडायला नंतर छोट्या साखळ्याच कामी आल्या. रक्ताच्या डीएनएत आई आणि बाप यांच्याकडून आलेल्या दोन लांबी दिसतात, ट्यूमरमध्ये एकच उरते. अशा खुणांत दोन अक्षरी पुष्कळ, त्या माझ्या मण्यारीच्या नव्हेत. पण एप्लेन ज्या बोखुममध्ये स्थिरावले ते एसेनच्या शेजारचे शहर. दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या व्याख्यानांना जात असणार, हा माझा अंदाज मी सोडत नाही. आज त्वचेच्या मेलॅनोमात डॉक्टर आधी बीआरएएफ जनुकातला बदल बघतात, ज्याचा शोध २००२चा. त्याने उपचारच बदलले.

गाटाने मेलॅनोमाची आणखी एक सेवा केली आहे, आणि तिला मी वरचे स्थान देतो. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीमालिका १९७६पासून स्तनाच्या कर्करोगाची म्हणून जगभर वापरली गेली. रोग पसरतो कसा, यावरचे ढीगभर काम तिच्यावर झाले. २००० साली जनुकांच्या हालचालीवरून शंका आली, २००७ साली एकवटलेल्या पुराव्याने सांगितले की ती एम१४ नावाच्या मेलॅनोमाचीच पेशी आहे. २०१८ साली एम१४च्या मूळ रुग्णाचे जपून ठेवलेले रक्तद्रव काढून ठसे जुळवले गेले आणि प्रश्न मिटला. ठसे चार अक्षरी साखळ्यांचे.

राहता राहिला तो २००२चा ईमास्ट. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात त्यामागचे यंत्र बरेच उलगडले आहे: एमएसएच३ हे दुरुस्तीचे प्रथिन दाहामुळे पेशीकेंद्रातून बाहेर सरकते आणि चार अक्षरी साखळ्यांतल्या चुका तशाच राहतात. उन्हाने सतत सुजणाऱ्या त्वचेतही हेच घडत असावे, असे मला वाटते. ते तपासायला हैदराबादइतके योग्य गाव नाही: उप्पल रस्त्यावर सीसीएमबी, बंजारा हिल्सला डोळ्यांचे मेलॅनोमा पाहणारी एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आणि आपल्या लोकांत मेलॅनोमा बहुतेकदा उन्हात न येणाऱ्या तळपायावर होतो, म्हणजे तुलनेसाठी दुसरी बाजूही घरचीच. एका बाजूला उन्हातली त्वचा, दुसऱ्या बाजूला तळपाय, आणि दोन्हीकडे मोजायची ती गाटाची लांबी.