कुथणारा बोका: शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

हा कुठल्याही एका बोक्याचा वृत्तांत नाही. तास थोडे मागेपुढे होतात, पण लघवी अडलेल्या बोक्याच्या घरात गोष्टी जवळपास याच क्रमाने घडतात. वय चार वर्षं, वजन पाच किलो, नसबंदी झालेली, फ्लॅटबाहेर कधी पाऊल नाही, खाणं पाकिटातलं कोरडं आणि पाणी पिणं बेताचं. अडचणीत सापडणारे बोके बहुधा असेच असतात.

शनिवार, संध्याकाळी ७

बोका लिटरच्या डब्यात बसतो, उठतो, फिरून पुन्हा बसतो आणि कुथतो. बद्धकोष्ठ झालं असणार, असं घरातल्या सगळ्यांचं मत पडतं. एरंडेल द्यावं का, यावर चर्चा होते. शौचासाठी कुथणारं मांजर आणि लघवीसाठी कुथणारं मांजर लांबून सारखंच दिसतं, त्यामुळे ही चूक फार सहज होते. फरक कळतो तो डब्यात बघितल्यावर. लिटर कोरडं आहे.

शनिवार, रात्री ११

आता तो न्हाणीघरात फरशीवर बसतो, शेपटीखाली सतत चाटतो, मधेच घोगरं ओरडतो. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब असतो आणि टोकाला फार निमुळता होतो. त्या टोकाशी स्फटिक, पेशी आणि चिकट स्राव यांचं बूच बसलेलं असतं. कधी बारीक खडा असतो, कधी नुसती सूज आणि स्नायूंची घट्ट आवळण. मूत्रपिंडांचं काम मात्र चालूच राहतं. पाच किलोच्या बोक्यात ताशी साधारण ५ ते १० मिलिलिटर लघवी तयार होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते.

मांजरांवर उपचार करणारा दवाखाना याच वेळी गाठला पाहिजे.

रविवार, सकाळी ९

वाटीतलं खाणं तसंच आहे. बोका पलंगाखाली गेलाय. पोटाला हात लावू देत नाही.

रविवार, दुपारी १

नेहमीचा दवाखाना बंद. ओळखीतल्या कुणीतरी फोनवर सांगितलं, ‘युरिन इन्फेक्शन असेल, अँटिबायोटिक चालू करा.’ अर्धी गोळी कशीबशी घशाखाली जाते आणि काहीतरी उपचार झाला म्हणून घर निर्धास्त होतं. वेदनेसाठी पॅरासिटामॉलही सुचवलं गेलं होतं. ते दिलं नाही हे फार बरं झालं, कारण मांजराला ते विषच आहे.

या अर्ध्या गोळीचा मला खरा राग येतो. जंतुसंसर्ग हा मूत्रविकारांतला एक विकार आहे, सगळेच विकार नव्हेत. कुत्रीला तो वारंवार होतो, बहुतेकदा ई. कोलाय जंतूंमुळे. तिथे लघवीची तपासणी करावी, शक्य तर कल्चर करावं, आणि साध्या संसर्गाला योग्य अँटिबायोटिक तीन ते पाच दिवस पुरतं. म्हाताऱ्या, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजरांतही संसर्ग सापडतो. पण तरुण बोक्याच्या अडलेल्या लघवीत सुरुवातीला जंतू क्वचितच असतात. बूच बसलेल्या नळीवर अँटिबायोटिक काहीच करत नाही. इथे तर त्या अर्ध्या गोळीने अख्खी दुपार खाल्ली.

रविवार, रात्री ९

पहिली उलटी. तासाभरात दुसरी. मूत्राशयातला दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचलाय आणि त्यांचं गाळणं थांबत आलंय. युरिया आणि क्रिएटिनिन रक्तात साठतंय, रक्त आम्लधर्मी होतंय. सगळ्यांत वाईट म्हणजे पोटॅशियम चढतंय. मांजराच्या रक्तात ते साधारण ३.५ ते ५.५ मिलिमोल प्रति लिटर असतं आणि शरीराबाहेर जायची त्याची मुख्य वाट लघवीचीच.

सोमवार, पहाटे ४

कुथणं थांबलंय. ओरडणंही. ‘आता जरा शांत झोपलाय,’ असं घरात म्हणतात. कान आणि पंजे गार पडलेत.

सोमवार, सकाळी १०

दवाखान्याच्या टेबलावर डॉक्टरांचा हात पोटावर जातो आणि निदान तिथेच होतं. मूत्राशय मोसंबीएवढं, टणक, दाबूनही रिकामं न होणारं. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली. घाबरलेल्या मांजराचं हृदय मिनिटाला दोनशेच्या आसपास धावायला हवं, इथे ठोके शंभराच्या आत आहेत. ईसीजीवर पी लहर दिसेनाशी झालीय, टी लहर उंच आणि टोकदार. पोटॅशियम ९च्या वर.

पुढची धावपळ मूत्रमार्गासाठी नाही, हृदयासाठी आहे. शिरेतून सलाइन, हळूहळू कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्शुलिन आणि ग्लुकोज. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदयाला थोडा वेळ सांभाळून धरतं. दरम्यान बारीक सुईने मूत्राशयातली लघवी काढून दाब उतरवायचा, मग कॅथेटर.

सोमवार, सकाळी १०:४०

कॅथेटरचं पाकीट फोडेपर्यंत हृदय थांबतं. छाती दाबून बघितली जाते. ते पुन्हा सुरू होत नाही.

वेळेत पोचलेले बहुतेक बोके वाचतात. शनिवारी रात्री पोटॅशियम अजून ताब्यात असतं. वेदनाशामक आणि भूल देऊन, सलाइनच्या झोताने बूच मागे ढकलून कॅथेटर घातला जातो आणि तो एक ते तीन दिवस ठेवतात. अडथळा सुटल्यावर लघवीचा लोंढा येतो, म्हणून तितकंच सलाइन चढवत राहावं लागतं. कॅथेटर काढल्यावर बोक्याने स्वतःहून नीट लघवी केली की घरी सोडतात. त्यानंतर ओलं खाणं, घरात दोन-तीन ठिकाणी पाणी, लिटरचा आणखी एक डबा, गोंगाट कमी. पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा अडण्याचा धोका असतो, तेव्हा लिटरमध्ये लघवीचे गोळे किती पडले ते रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं.