मांजराचे मोल आणि विम्याचा हिशेब

आमच्या घरातील नऊ वर्षांच्या बोक्याचा मूत्रमार्ग गतवर्षी अडला आणि त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. तो बरा झाला, परंतु बिल पाहून चिरंजीवांनी विचारले, “बाबा, याचा विमा का नाही उतरवत?” निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला हा प्रश्न हसण्यावारी नेता येईना. सरकारी सेवेत गाईम्हशींच्या विम्याचे कागद आम्ही पुष्कळ पाहिले होते. मांजराचा कागद कधी पाहिला नव्हता. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी या विम्याचा इतिहास तपासावा असे ठरविले.

जनावरांचा विमा हा मुळात उपजीविकेचा विमा होय. घोडा किंवा गाय दगावली की कमाईचे साधन जाते. म्हणून भरपाई ठरते ती जनावराच्या बाजारभावावरून. आपल्याकडे १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात कर्जाऊ दिलेल्या दुभत्या जनावरांचे विमे मोठ्या संख्येने उतरविले गेले. जनावराच्या कानात बिल्ला असे. बिल्ला नाही तर भरपाई नाही, हा नियम शिकण्यासाठी कित्येक शेतकऱ्यांना म्हैस गमवावी लागली.

मांजर या चौकटीत बसण्यासारखे नव्हते. वाड्यातील कोठीघराचे धान्य ते उंदरांपासून राखी, परंतु त्याला बाजारभाव कुठला? निरुपयोगी वा आजारी मुक्या प्राण्यांसाठी आपल्या समाजाने जी तरतूद केली ती विम्याची नव्हे, दानधर्माची. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. तेथे जनावराची किंमत कोणी विचारीत नसे.

पाळीव प्राण्यांच्या विम्याची वाट युरोपात निघाली. स्वीडनमध्ये १९२४ साली कुत्र्याचा पहिला विमा उतरविला गेला. ब्रिटनमध्ये १९४७ साली त्याचा आरंभ झाला. अमेरिकेत १९८२ साली पहिले विमापत्र मिळाले ते दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध कुत्री लॅसी हिला. या प्रवासात विम्याचा अर्थच पालटला. मृत्यूची भरपाई मागे पडून उपचाराचा खर्च पुढे आला. भूल, क्षकिरण, शस्त्रक्रिया या सोयी प्राण्यांनाही मिळू लागल्या, तसा उपचार महाग झाला. वस्तुतः आता विमा मांजराचा नसतो, मालकाच्या खिशाचा असतो.

हे एकदा ध्यानी आले की निर्णय सोपा होतो. भारतातही अलीकडे मांजरांचे विमे मिळू लागले आहेत. त्यांचे कागद वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वय आणि आधीचे आजार. जो आजार होऊन गेला तो बहुधा वगळलेला असतो. दुसरी, प्रतीक्षाकाल आणि लसीकरणाच्या अटी. तिसरी, प्रत्येक दाव्यात आपण सोसावयाचा वाटा आणि भरपाईची कमाल मर्यादा. मग हिशेब मांडावा. समजा, वार्षिक हप्ता तीन हजार रुपये आहे. दहा वर्षांत तीस हजार होतात. तेवढी रक्कम बाजूला ठेवण्याची शिस्त असेल तर स्वतःची गंगाजळी पुरते. मात्र मोठे दुखणे दुसऱ्याच वर्षी आले तर गंगाजळीत सहाच हजार असतात, हेही विसरता येत नाही.

आमच्या बोक्याचे वय झाले आणि ज्या दुखण्याची भीती तेच वगळले जाणार. म्हणून त्याच्या नावाने बँकेत निराळी रक्कम ठेवली. विमा घेतला नाही. परंतु सुनेने नुकतेच आणलेल्या चार महिन्यांच्या पिल्लासाठी विमा घ्यावा असा सल्ला आम्हीच दिला. तिच्या तरुण संसारावर घराचे हप्ते आहेत. एकदम आलेला मोठा खर्च तिला झेपणार नाही.

कारण विम्याचा खरा प्रश्न फायद्या-तोट्याचा नाही. उपचाराने वाचू शकणारा जीव केवळ पैशांअभावी डॉक्टरांच्या शेवटच्या सुईला स्वाधीन करण्याची वेळ आपल्यावर येऊ शकते काय, एवढेच ज्याने त्याने स्वतःला विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर हप्ता फुकट गेला तरी तो वाया गेला असे आम्ही मानणार नाही.