घराचा विमा : पेडणे-डिचोलीच्या सभासदांसाठी माहिती

तिळारीचे पाणी वाढले की इब्रामपूर, हणखणे, चांदेलात आणि वाळवंटी फुगली की साखळीत काय होते, हे सभासदांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर आपण पाहिले. पंचनाम्यानंतर सरकारी मदत मिळते, पण तेवढ्यात घर पुन्हा उभे राहत नाही.

कर्जाबरोबरचा विमा : आम्ही बँकेत असताना कर्जदार निर्धास्त असत, "बँकेने विमा काढलाय ना!" असा विमा बहुधा इमारतीपुरता, अनेकदा कर्जाच्या रकमेपुरताच असतो. कर्ज फिटल्यावर नूतनीकरण कोण करणार, तेही पाहावे.

कोणती पॉलिसी : १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही नियामकाने ठरवून दिलेली प्रमाण पॉलिसी आहे. तीत आग, वीज, वादळ, पूर, दरड, भूकंप येतात. मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते.

रक्कम : जमिनीची किंमत धरू नये, पुन्हा बांधण्याचा खर्च धरावा. समजा, घर ८० चौरस मीटर आणि खर्च मीटरला २५,००० रुपये, तर विमा २० लाखांचा. घरातील सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख, संरक्षण आपोआप मिळते (कमाल १० लाख). दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागावे लागते.

खरे तेच लिहावे : मातीच्या भिंती असतील तर अर्जात तसे नमूद करावे. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर असेल, भाऊबंदांचा हिस्सा असेल किंवा जमीन दुसऱ्याची असेल, तर कंपनीला आधीच लेखी कळवावे. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी आडवी येते.

पूर आल्यास : कंपनीला लगेच कळवावे. चिखल काढण्याआधी भिंतीवरील पाण्याच्या खुणेसह फोटो घ्यावेत. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेले सामान टाकू नये. पंचनाम्याची प्रत ठेवावी.

दावा नाकारल्यास : प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. गोव्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

हे काम मे महिन्यातच उरकावे आणि पॉलिसीची एक प्रत उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवावी. कागदही पुरात जातात.