विरार स्टेशन आणि आठ तासांचा हिशेब



गावाचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे किल्ला, देऊळ, शिलालेख उभे राहतात. आपल्या भागाला त्यांची वाण नाही. सोपाऱ्यात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाचा शिलालेख सापडला. अर्नाळ्याचा किल्ला पाण्यात पाय रोवून उभा आहे. जीवदानीचा डोंगर तर घरबसल्या दिसतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांत बोळिंज, आगाशी, नाळा, सोपारा या गावांच्या संसाराला सर्वांत अधिक वळण कोणी लावले असेल, तर ते विरारच्या रेल्वे स्टेशनाने. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. कामगारांच्या सभा आणि हजेरीपत्रके यांतच माझी शाळा झाली. तेव्हा त्याच नजरेने या स्टेशनाकडे पाहण्याची आज आपण मला मुभा द्यावी.

बी. बी. अँड सी. आय. रेल्वे कंपनी 1855 साली स्थापन झाली. तिच्या भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली होती. म्हणजे नफा झाला तर भागीदारांचा आणि तूट आली तर ती रयतेच्या करातून भरायची. कंपनीची दृष्टी होती गुजरातच्या कापसावर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच धामधुमीत, 1864 च्या नोव्हेंबरात, हा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत येऊन पोहोचला. वसईची खाडी लोखंडी पुलांनी ओलांडली गेली. जुनी नांदती गावे होती पश्चिमेला, समुद्राकडे. रूळ पडले पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याकडून. म्हणून आगाशी-बोळिंजकराला गाडी धरायची तर आधी विरारची वाट तुडवावी लागे, मग ती पायी असो, बैलगाडीने असो की टांग्याने.

पुढे 12 एप्रिल 1867 रोजी एक निराळीच गोष्ट घडली. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची एक लोकल सुरू झाली. सकाळी पावणेसातला विरार सोडायचे आणि सायंकाळी साडेपाचला मुंबईहून परत निघायचे. वाटेत नाळा, वसई, दोन खाड्यांमधले पाणजू, बोरिवली, पहाडी म्हणजे आजचे गोरेगाव, अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रे, माहीम, दादर आणि ग्रँट रोड. यांपैकी पाणजूला आज स्टेशन नाही. त्या बेटाच्या अंगावरून गाड्या जातात, पण थांबत नाहीत. रेल्वे जशी गाव वसवते तशी ती गाव वगळूही शकते.

या वेळापत्रकाकडे जरा बारकाईने पाहा. सकाळी जाऊन सायंकाळी परतणारी गाडी कोणाच्या सोयीची? गिरणीचा कामगार तेव्हा गिरणीच्या आसपास चाळीत राहत असे. त्याचा दिवस दिवा लागेपर्यंत संपत नसे. ही गाडी होती कचेरीतल्या माणसाची आणि व्यापाऱ्याची. आमच्या भागातल्या शेतकऱ्याने मात्र रेल्वेचा आपल्या परीने उपयोग करून घेतला. केळी, खायची पाने, भाजीपाला, फुले, दूध यांना मुंबईची बाजारपेठ रेल्वेने जवळ आली. वाडीतली टोपली डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी गाठणारी बाई ही या स्टेशनाची खरी जुनी गिऱ्हाईक. तिचे नाव कोणत्याही दगडावर कोरलेले नाही.

पुढचा टप्पा विजेचा. 1928 च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली आणि 1936 साली ती विरारला पोहोचली. येथे विजेची तार संपली. विरारपर्यंत लोकल आणि विरारच्या पलीकडे शटल, असा भेद झाला. वैतरणा, सफाळे, पालघर या गावांना उपनगरी सेवा मिळायला 2013 चा एप्रिल उजाडावा लागला. मधली सत्त्याहत्तर वर्षे विरार हे मुंबईचे शेवटचे दार होते. तार जेथे संपते तेथे जागा स्वस्त आणि मुंबईचा पास मात्र चालतो, हे गणित गरिबाला कोणी शिकवावे लागले नाही.

या दाराशी उभे राहणाऱ्या रेल्वे कामगाराचे काय? गाडी आपोआप येत नाही. सिग्नल पाडणारा, सांधे बदलणारा, रूळ तपासणारा, तिकिटे देणारा अशा शेकडो हातांनी ती येते. या हातांना दिवसाचे किती तास राबवावे याला पूर्वी धरबंध नव्हता. 1930 च्या कायद्याने पहिली मर्यादा आली, तीही आठवड्याला साठ तासांची. आणि ज्यांचे काम ‘अधूनमधून’ असते असे ठरवले त्यांना चौऱ्याऐंशी तासांची! म्हणजे आठवड्याचे सातही दिवस रोज बारा तास. दोन गाड्यांच्या मध्ये सांधेवाला बसून राहतो, मग त्याचे काम ते काय, असा युक्तिवाद. पुढे न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या 1947 च्या निवाड्याने हे आकडे अनुक्रमे चोपन्न आणि पंचाहत्तरवर आले. 1974 च्या मे महिन्यात, 8 तारखेपासून 27 तारखेपर्यंत, देशभरच्या रेल्वे कामगारांनी संप केला. हजारोंना तुरुंगवास घडला, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. बोनसइतकीच आठ तासांच्या दिवसाची मागणीही त्यात होती. वेळेवर येणाऱ्या गाडीमागे हाही इतिहास आहे.

त्यानंतर 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर कधी संपलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. परळ-लालबागच्या खोल्या विकून कितीतरी कुटुंबे नालासोपारा-विरारला आली. जो कामगार पूर्वी भोंगा ऐकून पायी कामावर जात होता, त्याचा मुलगा विरारहून गाडीने नोकरीला जाऊ लागला. 2009 साली येथे महानगरपालिका झाली. बोळिंजच्या वाड्यांशेजारी म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. माणसे वाढली तशा गाड्याही वाढल्या. महिलांची खास गाडी 1992 साली चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली, ती पुढे विरारपर्यंत आली. बोरिवली-विरार चौपदरी मार्ग 2007 साली पुरा झाला, पंधरा डब्यांच्या गाड्या 2009 साली आल्या. तरीही सकाळच्या गाडीत पाय ठेवणे हे आजही अंगमेहनतीचेच काम आहे.

आता एक साधा हिशेब मांडतो. बोळिंजच्या घरातून चर्चगेटच्या कचेरीपर्यंत, रिक्षा, फलाट आणि गाडी मिळून, दोन तास धरा. जाऊन-येऊन चार. वर्षाला तीनशे दिवस कामाचे धरले तर बाराशे तास झाले. आठ तासांच्या दिवसाने मोजले तर दीडशे दिवस! इतके दिवस एक माणूस बिनपगारी राबतो आणि ते कोणाच्याही हजेरीपत्रकावर चढत नाहीत. आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी रक्त आटवले. त्या आठ तासांना मागच्या दाराने आणखी चार तास येऊन चिकटले, हे आपल्या ध्यानातच आले नाही.

याचा दोष रुळांना देऊन उपयोग नाही. रेल्वे नसती तर आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी चूल पेटली नसती. पण मजुरी मुंबईची आणि बिऱ्हाड साठ किलोमीटरवर, ही व्यवस्था देवाने नेमून दिलेली नाही. कंपनीच्या कापसाने, जागेच्या भावाने आणि बंद पडलेल्या गिरण्यांनी ती घडवली आहे. जे माणसांनी घडवले ते माणसांना बदलता येते. गाड्या वाढवून मागा, जरूर मागा. त्याबरोबर आपल्या तालुक्यात रोजगार मागा, आणि कामाचे तास ठरवायला बसाल तेव्हा प्रवासाचे तासही मेजावर ठेवा. पावणेसातच्या त्या पहिल्या गाडीने आपला दिवस कोठे सुरू व्हावा हे ठरवून टाकले. तो कोठे संपावा, हे ठरवणे अजून आपल्या हाती आहे.