पग
पग : आखूड व चपट्या तोंडाची, सुरकुतलेल्या कपाळाची आणि पाठीवर वळलेल्या शेपटीची, कुत्र्याची एक छोटी जात. कॅनिडी कुलातील कॅनिस फॅमिलिॲरिस या माणसाळलेल्या कुत्र्याच्या ज्या जाती शिकार, राखण वा कळप हाकणे यांसाठी न जोपासता केवळ सोबतीसाठी जोपासल्या गेल्या, त्यांत पगची गणना होते. तिचे मूलस्थान चीन असून सोळाव्या-सतराव्या शतकांत ती यूरोपात व तेथून जगभर पसरली. महाराष्ट्रात ती २००३ नंतर सर्वतोमुखी झाली व बीडसारख्या मराठवाड्यातील उष्ण व कोरड्या जिल्ह्यापर्यंत पोहोचली.

इतिहास : चीनमध्ये आखूड तोंडाचे लहान कुत्रे राजवाड्यात व सरदार-घराण्यांत बाळगण्याची प्रथा प्राचीन आहे. अशा कुत्र्यांना ‘लो-झे’ म्हणत. त्यांच्या कपाळावरील सुरकुत्यांतून ‘राजा’ या अर्थाचे चिनी अक्षर उमटलेले दिसावे, अशी पैदास करणाऱ्यांची धडपड असे. पग, पेकिंगीज व जपानी चिन या जातींचे एकमेकींशी नाते असावे, असे मानतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात पगचे यूरोपातील काही छोट्या जातींशी, तसेच आशियाई छोट्या जातींशी साम्य आढळले. आशियातून लवकर बाहेर पडून ही जात यूरोपातील इतर छोट्या जातींच्या घडणीस कारणीभूत झाली असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो.

यूरोपात पगचा प्रवेश डच व्यापाऱ्यांमार्फत झाला. नेदर्लंड्सच्या ऑरेंज घराण्याशी तिचे नाव जोडण्यास एक प्रसिद्ध आख्यायिका कारणीभूत झाली. १५७२ मध्ये स्पॅनिश सैन्याने मध्यरात्री छावणीवर छापा घातला असता, विल्यम द सायलेंट (१५३३–८४) यास त्याच्या पॉम्पी नावाच्या कुत्र्याने जागे केले व त्याचे प्राण वाचविले, अशी ती कथा आहे. हा प्रसंग नोंदविणाऱ्या वेल्श सैनिकाच्या वृत्तांतात मात्र कुत्रा पांढरा व बसक्या नाकाचा असल्याचे म्हटले आहे. ‘पग’ हा शब्द त्यात नाही. डेल्फ्ट येथे विल्यमच्या समाधीवरील शिल्पात त्याच्या पायाशी कुत्रा कोरलेला आहे. पॉम्पी कोणत्याही जातीचा असला, तरी या कथेमुळे पग हा ऑरेंज घराण्याच्या निष्ठावंतांचे प्रतीक ठरला. विल्यम व मेरी १६८९ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आले, तेव्हापासून तेथेही या जातीचे प्रस्थ वाढले.

अठराव्या शतकात पग यूरोपच्या दरबारी जीवनाचा भाग बनला. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याने १७४५ च्या आत्मचित्रात आपल्या ट्रम्प या पगला स्वतःइतकेच ठळक स्थान दिले. स्पॅनिश चित्रकार गोया याच्या एका उमराव स्त्रीच्या व्यक्तिचित्रातही (सु. १७८६) पग आहे. या जुन्या चित्रांतील पग उंच पायांचा असून त्याचे नाक आजच्यापेक्षा स्पष्टपणे पुढे आलेले दिसते. त्यामुळे जातीत झालेल्या बदलाचा पुरावा म्हणूनही ही चित्रे महत्त्वाची ठरतात. १७३८ मध्ये पोपने कॅथलिकांना फ्रीमेसन संघटनेत जाण्यास मनाई केल्यावर जर्मनीत सु. १७४० मध्ये ‘पगचा संप्रदाय’ या नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. तीत स्त्रियांनाही प्रवेश असे व निष्ठेचे चिन्ह म्हणून पग निवडला होता. माइसेन येथील कारखान्यात तयार झालेल्या चिनी मातीच्या पगमूर्ती याच काळातील होत. नेपोलियनची पत्नी जोसेफीन (१७६३–१८१४) ही १७९४ मध्ये पॅरिसच्या तुरुंगात असताना तिचा फॉर्च्यून हा पग गळपट्ट्याखाली दडविलेल्या चिठ्ठ्या तिच्यापर्यंत नेई, असे सांगतात.

निरनिराळ्या देशांतील नावेही उद्बोधक आहेत. डच भाषेत या जातीस ‘मॉप्सहाँड’, तर जर्मन भाषेत ‘मॉप्स’ म्हणतात. फ्रेंच ‘कार्लें’ हे नाव काळा मुखवटा घालून आर्लेकिनाची भूमिका करणाऱ्या कार्लो बेर्तिनाझ्झी (१७१०–८३) या नटाच्या टोपणनावावरून आले. इंग्रजीतील ‘पग’ हा शब्द पूर्वी लाडके माणूस, खट्याळ पिशाच्च व पाळीव माकड अशा अर्थांनी वापरीत.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विलोबी व मॉरिसन या दोन वंशांची पैदास विशेष प्रसिद्धीस आली. १८६० च्या सुमारास चीनमधून आणलेल्या लँब व मॉस या जोडीपासून झालेल्या क्लिक या नराचा वापर दोन्ही वंशांत झाला आणि आजच्या पगची ठेवण बव्हंशी निश्चित झाली. राणी व्हिक्टोरियाने पग बाळगल्याने त्याला लोकाश्रय लाभला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये पग मंडळ स्थापन झाले. १८८५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जातीस मान्यता दिली. ‘सनबीम’ नौकेवरील प्रवासवर्णनांमुळे प्रसिद्ध असलेल्या लेडी ब्रॅसी हिने १८८६ मध्ये काळे पग प्रदर्शनात मांडले व तेव्हापासून काळा रंगही रूढ झाला.

शरीरलक्षणे : पगची बांधणी चौकोनी व घट्ट असते. खांद्यापाशी उंची सु. २५ ते ३० सेंमी. व वजन ६·३ ते ८·१ किग्रॅ. असते. डोके मोठे व गोल, डोळे मोठे, काळे व काहीसे पुढे आलेले, कान लहान, पातळ व मखमली असतात. कपाळावर खोल सुरकुत्या असतात. अंगावरील केस आखूड, मऊ व तुकतुकीत असून रंग बदामी, जर्दाळूसारखा, रुपेरी किंवा काळा असतो. फिकट रंगाच्या प्राण्यांत तोंड व कान काळे असतात. शेपटी कमरेवर घट्ट वळलेली असते. दुहेरी वळण उत्तम समजतात. केस आखूड असले, तरी ते वर्षभर बरेच गळतात.

पग आनंदी, माणसाळू व मुलांत रमणारा आहे. तो उगीच भुंकत नाही. शिकारीची वा राखणीची आवड त्यास फारशी नसते. मालकाच्या मागे-मागे फिरणे हा त्याचा स्थायी भाव होय. तो खादाड असल्याने लवकर लठ्ठ होतो.

महाराष्ट्रातील प्रसार : महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात कुत्रा हा प्रामुख्याने कामाचा प्राणी होता. सातारकर शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी संगम माहुली येथे आहे. तिच्यामागील कथाही शिकारीत धन्याचे प्राण वाचविल्याची आहे. बालाघाटाच्या पठारावर मेंढपाळांचे कुत्रे कळप राखीत. मराठवाड्यात कारवान व तिचाच लांब केसांचा प्रकार पश्मी या जाती सशाच्या शिकारीसाठी पाळल्या जात. लांब निमुळते तोंड, सडपातळ अंग आणि उंच पाय ही त्यांची लक्षणे उघड्या माळावर धावण्यास सोयीची आहेत. केवळ मांडीवर बसण्यासाठी कुत्रा पाळण्याची रीत संस्थानिक व धनिक यांच्यापुरतीच होती.

हे चित्र एका जाहिरातीने पालटले. हच या भ्रमणध्वनी कंपनीसाठी ओगिल्व्ही अँड मेदर या संस्थेने २००३ मध्ये केलेल्या आणि प्रकाश वर्मा यांनी दिग्दर्शित केलेल्या दूरचित्रवाणी-जाहिरातीत एका लहान मुलामागे सर्वत्र जाणारा पग दाखविला होता. चीका नावाच्या या पगमुळे जातीचे मूळ नाव मागे पडून ‘हचचा कुत्रा’ हेच नाव लोकांच्या तोंडी बसले. २००७ मध्ये कंपनीचे नाव व्होडाफोन झाल्यावरही पग काही काळ जाहिरातींत राहिला. पिलांची मागणी महानगरांतून जिल्ह्यांच्या गावांपर्यंत पसरली. मागणी पुरविण्यासाठी जवळच्या नात्यातील प्राण्यांचा संकर, माद्यांची वारंवार वीण व अल्पवयीन पिलांची विक्री हे प्रकार वाढले.

आरोग्य व पैदाशीचे प्रश्न : पगचे आकर्षण व त्याचे विकार यांचे मूळ एकच आहे. कवटीची लांबी कमी झाली, तरी आतील मऊ ऊतके त्या प्रमाणात कमी झाली नाहीत. परिणामी नाकपुड्या अरुंद, टाळू लांब व श्वासमार्ग कोंडलेला राहतो. पगचे घोरणे व धापा टाकणे कौतुकाने पाहिले जाते. वस्तुतः ते पुष्कळदा श्वसनाच्या अडथळ्याचे लक्षण असते. पुढे आलेल्या डोळ्यांना इजा व व्रण होतात. सुरकुत्यांत ओल साचून त्वचादाह होतो. वळलेल्या शेपटीशी मणक्यांच्या वैगुण्याचाही संबंध असतो. मेंदूचा एक घातक दाह तर या जातीच्याच नावाने ओळखला जातो. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सु. १०,००० पगांतील आनुवंशिक विविधता अवघ्या पन्नासेक प्राण्यांइतकीच होती. तेथीलच रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या २०२२ च्या अभ्यासात आखूड तोंडामुळे होणाऱ्या श्वसनविकाराचा धोका पगमध्ये इतर कुत्र्यांच्या सु. ५४ पट आढळला.

उष्ण प्रदेशात हा दोष जिवावर बेततो. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. नाकातील ओलसर पडदे व जीभ यांवरून होणाऱ्या बाष्पीभवनाने तो शरीर थंड ठेवतो. पगमध्ये हे पृष्ठ अपुरे व वायुमार्ग अरुंद असल्याने धापेनेच अंगातील उष्णता वाढते व उष्माघात होतो. बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान वारंवार ४०° से. च्या वर जाते. अशा हवेत पत्र्याच्या छपराखाली वा गच्चीवर बांधलेला पग थोड्या वेळातही दगावू शकतो. त्यास दुपारी घरात गार जागी ठेवणे, फिरविणे पहाटे वा उशिरा संध्याकाळी, गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि सुरकुत्या रोज कोरड्या पुसणे आवश्यक असते. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.

नेदर्लंड्समध्ये २०१४ पासून हानिकारक लक्षणांच्या पैदाशीस मनाई असून २०१९ मध्ये तोंडाच्या किमान लांबीचा निकष लावण्यात आला. भारतात प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखालील २०१७ च्या नियमांनी कुत्र्यांच्या पैदासकारांवर राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणीचे बंधन घातले. तथापि जातीच्या ठेवणीतील दोषांना हे नियम हात घालीत नाहीत. लांब नाकाच्या प्राण्यांची निवड हाच त्यावरील उपाय असल्याचे अनेक पशुवैद्यांचे मत आहे. होगार्थच्या काळातील पग तसाच होता. म्हणजे सुधारणेचा नमुना या जातीच्या स्वतःच्या इतिहासातच उपलब्ध आहे.