दिनविशेष : १७ जुलै
१९६२ : फ्रान्समध्ये ‘आंतरव्हिल’चा पहिला प्रयोग

दोन लहान शहरं, शिट्ट्या फुंकणारे पंच, निसरड्या फळ्या आणि मैदानात मोकाट सुटलेली गाय. फ्रेंच सरकारी दूरचित्रवाणीवर १७ जुलै १९६२ रोजी सुरू झालेल्या ‘आंतरव्हिल’ या उन्हाळी कार्यक्रमाची ओळख पुढे यातूनच झाली. गी ल्यूक्स यांचा हा कार्यक्रम मूळचा इटलीतल्या ‘कांपानिले सेरा’वर बेतलेला. ल्यूक्स आणि लेओं झित्रोन हे निवेदक एकेका शहराची बाजू घेऊन एकमेकांवर असे तुटून पडत की बघणाऱ्याला वाटावं, आता हातघाईवर येणार! सहनिवेदिका सिमोन गार्निये त्यांना आवरत.

खरी कमाल मात्र गायींची. दक्षिण फ्रान्समधल्या लांद भागातल्या या चपळ गायींच्या शिंगांच्या टोकांना गोळे बसवत, म्हणजे स्पर्धक आपटले तरी भोसकले जाऊ नयेत. पाठीमागे गाय लागली की शहाणासुरता माणूसही पाण्याच्या हौदात उडी टाकी, आणि सारा देश हसे.

१९६५ मध्ये याच कल्पनेतून ‘जू सां फ्राँतिएर’ ही अनेक देशांतल्या शहरांची स्पर्धा निघाली. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांचे वैरी असलेले फ्रान्स आणि जर्मनी त्यात खेळीमेळीने भिडले. ही कल्पना राष्ट्राध्यक्ष द गॉल यांची, असं सांगतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात ‘आंतरव्हिल’ पुन्हा पडद्यावर आला, पण जिवंत गायींना वगळून. प्राण्यांच्या दृष्टीने हे योग्यच झालं.