घर बंद असताना, घरात बायका-मुलं एकटी असताना: चोरांपासून बचाव कसा करावा

रमजानमध्ये इशाची अजान झाली की घरातले पुरुष तरावीहला निघतात आणि गल्ली रिकामी होते. ईदला गावी जाणं, लग्न, उमरा, हे सगळं मोहल्ल्यात आधीच माहीत असतं. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचं घर तर साधारण चाळीस दिवस बंद राहतं. कुलूप तोडायला चोराला फार वेळ लागत नाही, पण घरात कोणी नाही याची त्याला खात्री हवी असते. बहुतेक वेळा ती खात्री आपणच देतो.

कडीला लटकणारं मोठं कुलूप जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. त्यापेक्षा दारातच बसवलेलं लॉक बरं. नुसतं दार ओढून घेतलं म्हणजे लॅच पक्कं लागलं असं होत नाही, बाहेरून किल्ली फिरवायलाच हवी. आणि कोयंड्याचे स्क्रू छोटे असतील तर कुलूप कितीही महागाचं आणा, पहारीच्या एका झटक्यात कोयंडाच उपटून येतो.

कोकणात आम्ही नेहमी बघतो, पुढच्या दाराला सागवान आणि मागच्या पडवीच्या दाराला जुनी फळी! घरातला कर्ता माणूस आखातात, इथे अम्मी आणि सून. अशा घराचं मागचं दार आधी दुरुस्त करा. शिडी, पहार, कोयता रात्री अंगणात ठेवू नका. बाथरूमच्या खिडकीतल्या सरकत्या काचा सहज निघतात, तिथे आतून जाळी मारा.

गावाला जाताना दूध-पेपर बंद करा. शेजारच्या भाभींना दारासमोरचा कचरा उचलायला आणि संध्याकाळी एक दिवा लावायला सांगा. पोलीस ठाण्यातही कळवून ठेवा. मक्केतून फोटो स्टेटसला टाकायची हौस आम्हालाही कळते, पण ते परत आल्यावरही टाकता येतात.

सोनं शक्यतो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. बँकेच्या हलगर्जीमुळे चोरी झाली तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाईची जबाबदारी बँकेवर आहे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 2022 पासून लागू आहे. भाडं 3,000 असेल तर 3 लाखांपर्यंत. दागिने त्याहून जास्त किमतीचे असतील तर वेगळा विमा बघावा लागेल. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या मात्र घराबाहेर कुणा नातेवाइकाकडेही ठेवा.

काही चोर दार वाजवूनच येतात. भांडी चकाकवून देतो म्हणत बांगड्या पॉलिशला मागणारे, "आम्ही पोलीस, पुढे गडबड झालीय, दागिने काढून रुमालात बांधा" असं म्हणणारे. खरा पोलीस दागिने काढायला लावत नाही. दादींना आणि खालांना हे पुन्हा पुन्हा सांगा. सेफ्टी चेन न काढता बोलायचं, हा अपमान नव्हे.

रात्री कोणी आत शिरलंच तर सामना करायला धावू नका. आतून पक्की कडी असलेली एक खोली आधीच ठरवा, फोन तिथेच चार्जिंगला लावा. मुलांना घेऊन आत जा, 112 लावा, आधी पत्ता आणि जवळची खूण सांगा, मग आरडाओरडा करा. खिडकीच्या ग्रीलला उघडणारी झडप हवी, नाहीतर आग लागली तर तीच ग्रील जिवावर उठेल. झडपेच्या कुलपाची किल्ली सगळ्यांना माहीत, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.

1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. पण तो गरजेपुरताच. चोर पळत असताना किंवा बांधून ठेवल्यावर मारहाण केली तर गुन्हा आपल्यावर दाखल होतो. नागरिकाने पकडलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. आणि नुसत्या संशयावर, व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजवर तर कुणाला हातही लावू नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातले होते.

चोरी झालेली दिसली तर आत जाऊन कपाट आवरू नका, ठसे पुसले जातात. बाहेरूनच 112 लावा. तक्रार आता ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती तिथेच मागून घ्या. विम्याचा दावा करायचा असेल तर पंचनाम्याची प्रतही लागेल.